आत प्लस की आत मायनस: डीसी जॅकची पार्श्वभूमी

आज पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या कुठल्याही काउंटरवर ‘बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर’ मागितला, की दुकानदार विचारतो ते फक्त अँपिअर. पिन (वायरीच्या टोकाची नळी, जी यंत्राच्या डीसी जॅकमध्ये, म्हणजे सॉकेटमध्ये बसते) ५.५ बाय २.१ मिमी असणार आणि नळीच्या आत प्लस असणार, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही धरलेलं असतं. नव्वदच्या दशकात हे असं नव्हतं. तेव्हा याच वस्तूला एलिमिनेटर म्हणायचे आणि पहिला प्रश्न यायचा, ‘‘कशाला लावायचाय? टेपला की कॅसिओला?’’ व्होल्ट तेवढेच असले, पिन नीट बसली, तरी आतलं प्लस-मायनस जुळेल याची खात्री कुणी देत नसे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात बाहेरून पॉवर द्यायला बऱ्याचदा इअरफोनचीच ३.५ मिमीची पिन वापरत. ती सॉकेटमध्ये सरकताना तिचं टोक आणि मागचा भाग क्षणभर एकत्र जोडले जाऊ शकतात, म्हणजे चालू एलिमिनेटर शॉर्ट. नळीसारख्या पिनमध्ये हा प्रकार होत नाही, कारण एक टोक नळीच्या बाहेरून आणि दुसरं भोकाच्या आतून येतं. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा पिनांचे काही प्रकार नोंदले गेले. ५.५ मिमी बाहेर आणि २.१ मिमी आत हा त्यातलाच एक. बाजारात त्याला २.५ मिमी भोकाचं जुळं भावंडही आलं, आणि त्याने आजवर जेवढा वेळ खाल्लाय तेवढा क्वचितच कुठल्या पार्टने खाल्ला असेल. २.१ चा प्लग २.५ च्या सॉकेटमध्ये जातच नाही, ते बरं. पण २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये आरामात जातो आणि आत सैल राहतो. टेबलाला धक्का लागला की बोर्ड रिसेट, आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

मापांचं हे असं. खरा वाद प्लस कुठे, याचा.

‘आत मायनस’ ही रीत हल्ली कुणाच्या तरी बावळटपणातून आली असं सर्रास सांगितलं जातं. ते अन्यायाचं आहे. साधं तीन पायांचं सॉकेट हातात घेऊन मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून पाहावं. मागचा पाय मधल्या पिनचा. दुसरा पाय बाहेरच्या पत्रीचा, जी प्लगच्या नळीला घासते. तिसरा पाय त्याच पत्रीला टेकलेला असतो, आणि मीटर टूं करतो. आता प्लग आत घातला की नळी पत्रीला ढकलते, तिसरा पाय सुटतो, मीटर गप्प. हौशी मंडळी बहुतेक वेळा हा तिसरा पाय कापून टाकतात किंवा रिकामा सोडतात. पण सॉकेट मुळात ज्या यंत्रांसाठी वापरलं जाई, तिथे तोच कामाचा होता. ही यंत्रं सेलवर चालायची. एलिमिनेटर लावला की आतले सेल आपोआप सुटायला हवेत, नाहीतर एलिमिनेटर सेलमध्येच करंट ढकलणार आणि सेल गळून आतली सगळी स्प्रिंगं हिरवी होणार. हा आपोआप सुटणारा स्विच बाहेरच्या पत्रीवर आहे. सर्किटचं मायनस जर ग्राउंड, म्हणजे सगळ्या भागांना जोडणारं सामाईक टोक असेल, तर तोडायचा तो प्लस. मग प्लस बाहेरच्या पत्रीवर येतो आणि मायनस आत जातो. इतका सरळ हिशोब आहे.

यावर उत्तर दिलं जातं, की मायनस तोडूनही सेल सुटतातच, मग प्लस आत ठेवून मायनसच का नाही तोडायचा? साध्या रेडिओत हे चाललं असतं. पण गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यात) बॅटरीचं मायनस आधीच दुसऱ्या कामाला लावलेलं असतं. इनपुटला स्टिरिओ सॉकेट बसवतात, त्यात गिटारची मोनो पिन घातली की बॅटरीचं मायनस ग्राउंडला जोडलं जातं आणि पेडल चालू होतं. वायर काढली की बंद. मायनसचा स्विच असा तिकडे खर्ची पडल्यावर डीसी जॅककडे प्लसच उरतो. पेडलवाल्यांनी ९ व्होल्ट, आत मायनस ही रीत आजही सोडलेली नाही, आणि पुण्यात घरी पेडल बनवणारी मुलं ती निमूट पाळतात. आणखी एक धागा जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. त्यांच्या सुरुवातीच्या पीएनपी (प्लस-मायनस उलटं लागणाऱ्या) सर्किटांपैकी कितीतरींमध्ये प्लसच ग्राउंड असे. तिथे बाहेरच्या नळीवर प्लस असणं म्हणजे नळीवर ग्राउंड असणं, आणि त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही पक्का आहे. नळी उघडी असते. तिच्यावर प्लस असेल आणि डबा धातूचा, ग्राउंडला जोडलेला असेल, तर पिन डब्याला घासताच ठिणगी. धातूच्या बॉडीचं पॅनल सॉकेट तर अशा डब्यात बसवताच येत नाही, प्लॅस्टिकचंच लागतं. आत प्लस ठेवलं की ही भानगड संपते. माझ्या मते या दोन्ही रीती आपापल्या काळात बरोबर होत्या. यंत्रातून सेल गेले तसं आत मायनस ठेवण्याचं कारणही गेलं, सवय मात्र मागे राहिली.

आपल्याकडे ती सवय दोन वाटांनी घरात आली. एक कॅसिओ. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या घरी असलेल्या जुन्या कीबोर्डांना ९ व्होल्ट लागायचे, आत मायनस. दुसरी वाट टीव्ही गेमची. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या ज्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात पुण्यात घरोघरी खेळल्या गेल्या, त्या मूळ यंत्राचा अ‍ॅडॅप्टर १० व्होल्टचा आणि आत मायनसच होता. यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे मल्टिपिन एलिमिनेटर: दीड ते बारा व्होल्टचा सरकता स्विच, वायरच्या टोकाला चांदणीसारख्या फुटलेल्या चार-सहा पिना, आणि प्लस-मायनस उलटं करायचा आणखी एक स्विच. या दुसऱ्या स्विचने किती सर्किटं जाळली याची मोजदाद नाही. शिवाय एलिमिनेटर रेग्युलेटेड नसे, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवत नसे. नऊवर ठेवून मीटर लावला की रिकाम्या पिनवर बारा-तेरा व्होल्ट दिसायचे. त्यामुळे ७८०५ (ठरलेले ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) शिवाय कुणी प्रोजेक्ट करत नसे.

विशेष म्हणजे खुद्द जपानी उद्योगाने हा घोळ ओळखून त्यावर स्वच्छ उत्तर काढलं होतं. आरसी-५३२०ए या मानकात व्होल्टेजनुसार पाच मापं ठरली आणि पाचांतही आत प्लस. ६.३ व्होल्टपर्यंत ४.० बाय १.७, १०.५ पर्यंत ४.७५ बाय १.७, त्यापुढच्या दोन मापांत नळीच्या आत बारीक पिन. चुकीचा अ‍ॅडॅप्टर बसतच नाही, हा त्यातला सगळा शहाणपणा. २००४ साली आलेल्या सोनीच्या पीएसपी गेमला ५ व्होल्टसाठी ४.० बाय १.७ चीच पिन होती. हौशी जगाने मात्र याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाच मापांची सॉकेटं कोण ठेवणार आणि कोण शोधणार? ५.५ बाय २.१ स्वस्त होतं, हाताशी होतं. प्लस-मायनसचा प्रश्न पुढे मिटला, व्होल्टचा आजही तसाच आहे. एकाच पिनमधून ५ व्होल्टही येतात आणि २४ ही.

२००० च्या दशकात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवर होत. त्या बोर्डांवर डीसी जॅकच्या मागेच चार डायोडचा (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टचा) ब्रिज असे. आत प्लस द्या, आत मायनस द्या, सरळ ट्रान्सफॉर्मरचा एसी द्या, बोर्ड चालतो. वाद संपवण्याची ही अस्सल इथली पद्धत. किंमत दोन: दीडेक व्होल्ट ब्रिजमध्येच जातात, आणि बोर्डचं ग्राउंड व अ‍ॅडॅप्टरचं मायनस एक राहत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलेल्या ग्रुपना ते आयुष्यभर लक्षात राहिलं असणार.

मग आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आला. २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत विद्यार्थ्यांसाठी बोर्ड केला गेला. त्यावर २.१ मिमीचा जॅक होता आणि आत प्लस. २००७ च्या डिएचिमिलावर यूएसबी की जॅक हे जंपरने (हाताने सरकवायच्या छोट्या जोडणीने) निवडावं लागे, पुढच्या ड्युमिलानोव्हेपासून बोर्ड स्वतः निवडू लागला, आणि २०१० च्या उनोने ही रचना जगभर नेली. पुण्यात मूळ बोर्डापेक्षा त्याच्या चिनी प्रतीच जास्त खपल्या, पण जॅक तोच. प्लसच्या वाटेत एकच एम७ डायोड. पिन उलटी लावली तर बोर्ड चालत नाही, जळतही नाही. ब्रिजपेक्षा हा मार्ग सरळ, आणि ग्राउंड शाबूत राहतं. एका शैक्षणिक बोर्डने अशी एका पिढीची सवय ठरवली, हे कुठल्याही मानकाला जमलं नव्हतं. ७ ते १२ व्होल्टची शिफारस मात्र फसवी ठरली. १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टच्या बाजूने २०० मिलिअँपिअर ओढले की जवळपास १.४ वॅट उष्णता होते, आणि ती बहुतेक त्या इवल्याशा रेग्युलेटरमध्येच. त्यावर सर्व्हो मोटर चालवणाऱ्यांनी बोट लावून पाहिलेलं असतं. २०२३ च्या उनो आर४ मध्ये त्या जागी बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्ट उतरवणारं सर्किट) आला आणि वरची मर्यादा २४ व्होल्ट झाली.

बाकीचं काम सीसीटीव्ही, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सनी केलं. हे सगळे बहुतेक १२ व्होल्ट, ५.५ बाय २.१, आत प्लस. बंद पडलेल्या राउटरचे अ‍ॅडॅप्टर घराघरात उरले, रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात ढिगाने येऊ लागले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झाल्यावर राउटरचा छोटा यूपीएस खपू लागला, त्याच्या वायरीही याच मापाच्या. स्क्रू टर्मिनलची हिरवी डीसी पिन, जी मुळात कॅमेरावाल्यांची, ती हौशी लोकांनी उचलली, कारण सोल्डरिंग लागत नाही.

पुण्यात या पिनेची खरी परीक्षा गणपतीत होते. मखराला लावायची ५०५० ची (हा एलईडीच्या मापाचा आकडा) एलईडी पट्टी, मीटरला ६० एलईडी, साधारण १४.४ वॅट. पाच मीटरचं पूर्ण रीळ ७२ वॅट, म्हणजे बारा व्होल्टला ६ अँपिअर. रिळाच्या टोकाला मात्र तेच डीसी सॉकेट चिकटवलेलं येतं. चांगल्या प्रतीचा जॅकसुद्धा साधारण ५ अँपिअरपर्यंतचा, आणि स्वस्तातल्याचा भरवसा त्याच्या निम्म्यावर संपतो. आरतीच्या वेळी सगळे दिवे पूर्ण पांढऱ्यावर असले की पिन हाताला चटका देते, प्लॅस्टिक मऊ होतं आणि पत्रीची पकड जाते. ३५२८ ची पट्टी मीटरला ४.८ वॅटच घेते, तिला ही पिन पुरते. जाड पट्टीला जॅक कापून वायर थेट सोल्डर करणं हाच उपाय. मंडळांची कामं करणारे इलेक्ट्रिशियन तेच करतात.

घरी बनवणाऱ्याची तक्रार वेगळीच. पीसीबीवर बसणाऱ्या डीसी-००५ सॉकेटचे पाय चपटे असतात, आणि झिरो पीसीबीची (घरी सर्किट जोडायच्या तयार भोकांच्या बोर्डची) भोकं गोल, २.५४ मिमी अंतरावर. पाय आत जात नाही, अंतरही जुळत नाही. दोन-तीन भोकं शेजारी शेजारी ड्रिल करून, कानसच्या टोकाने एक करून खाच पाडायची, मग खालून भरपूर सोल्डर. तांब्याचं वर्तुळ खाचेत गेलेलं असल्याने पकड सोल्डरचीच राहते, आणि दहा-वीसदा पिन घातली-काढली की पाय डुगडुगतो. पॅनलला नटने बसणारं गोल डीसी-०२२ दिसायला मोठं असलं तरी टिकतं. डबा वापरणार असाल तर मी तेच घेईन.

आता नव्या बोर्डांवरून जॅक जाऊ लागलाय. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर तो २०१२ च्या पहिल्या बोर्डापासूनच नव्हता, ईएसपी३२ या वायफाय चिपच्या बहुतेक बोर्डांवरही नाही. २०१४ साली आलेल्या यूएसबी-सीने प्लस-मायनसचा प्रश्न कायमचा मिटवला असं मानलं जातं, आणि ते बरोबरही आहे. व्होल्टचा प्रश्न मात्र चार्जर आणि यंत्र यांच्यातल्या बोलण्यावर गेला. त्या पॉवर डिलिव्हरी पद्धतीत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे ठरलेले टप्पे. १२ ऐच्छिक आहेत. तापकीर गल्लीत हल्ली एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्याला ५.५ बाय २.१ अशी ‘१२ व्होल्ट’ छापलेली वायर मिळते, आत चार्जरकडे १२ व्होल्ट मागणारी ट्रिगर चिप बसवलेली. १२ न देणाऱ्या मोबाइल चार्जरला ती लावली की पिनवर ९ व्होल्ट येतात, कधी ५ च. राउटरचे दिवे लागतात, वायफाय येत नाही, आणि वायर बदलून मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला दुकानदार चार्जर बदलायला सांगतो.