इंग्रजांच्या बोलीतला ‘चोर’

हॉइक हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचं, लोकरीच्या कपड्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या एखाद्या पोराची सायकल पळवली गेली, तर तो सांगतो, ‘ही चोर्ड माय बाइक.’ त्यानं माझी सायकल चोरली. घरातल्या कामांना इंग्रजीत ‘चोअर’ म्हणतात, त्याच्याशी या क्रियापदाचं काही नातं नाही. हा आपलाच चोर. शेवटचा ‘ड’ तेवढा इंग्रजीचा.

हा एकटाच असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण न्यूकॅसल, कार्लाइल, एडिंबरा या भागांत ‘हॅव अ डीक’ म्हणजे ‘एक नजर टाक’. आपल्या देखणं, देखावा, देखरेख यांतला ‘देख’ आणि हा ‘डीक’ एकाच मुळाचे. राजवटीच्या काळात भारतातून परतलेल्या साहेबांनी ‘पायजमा’ नेला, हे आपण जाणतो. हे शब्द मात्र त्यांच्या कितीतरी आधी तिथे पोचले होते.

ते नेले रोमा लोकांनी. स्कॉटलंडच्या राजदरबारी खर्चात त्यांचा उल्लेख १५०५ साली सापडतो, तोही ‘इजिप्तचे लोक’ म्हणून. ‘जिप्सी’ हे नाव त्याच गैरसमजातून आलं. इंग्लंडनं १५३० मध्ये कायदा करून त्यांना देशाबाहेर जायला फर्मावलं आणि १५५४ मध्ये राहिलेल्यांसाठी मृत्युदंड ठेवला. तरी ते राहिले. घोड्यांचे व्यवहार, शेतमजुरी, फेरीचा धंदा करत गावोगाव फिरले आणि त्यांचे शब्द बाजारांतून, चाळींतून, पोरांच्या खेळांतून स्थानिक इंग्रजीत मुरले. हॉइकपासून फार लांब नसलेलं कर्क येटम हे गाव तर स्कॉटलंडच्या जिप्सींची राजधानी म्हणूनच ओळखलं जाई.

मग ते मूळचे कुठले? त्यांच्याकडे स्वतःचा लिखित इतिहास नव्हता. उत्तर दिलं ते त्यांच्या भाषेनं. जर्मनीतल्या हाले इथल्या योहान र‍्यूडिगर या अभ्यासकानं एका रोमा बाईकडून काही वाक्यं तिच्या भाषेत करून घेतली, ती हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिली आणि १७८२ मध्ये निष्कर्ष छापला: ही भारतातली भाषा आहे.

नुसते शब्द सारखे दिसले म्हणून नातं ठरत नाही. बदल नियमानं झालेला दिसावा लागतो. रोमांच्या भाषेत, म्हणजे रोमानीत, आपल्या घ, ध, भ यांच्या जागी ख, थ, फ येतात. घराचं ‘खेर’, धुण्याचं ‘थोव’, आणि संस्कृत ‘भ्राता’चा ‘फ्राल’. इंग्लंडच्या रोमांच्या तोंडी या फ्रालचा ‘पाल’ झाला आणि तोच सतराव्या शतकात ‘पॅल’ होऊन इंग्रजीत शिरला. जगभर दोस्ताला ‘पॅल’ म्हणणारे त्याला भाऊच म्हणत असतात.

प्रवासाची वाटही शब्दांतच आहे. रोमानीत आकडे मोजून पाहा: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपण सहज मागे मागे जातो. पुढे एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या. सात, आठ, नऊ हे तिन्ही आकडे ग्रीक! दहाला पुन्हा ‘देश’ आणि विसाला ‘बिश’. ग्रीक भाषकांत कित्येक पिढ्या काढल्याशिवाय मोजणीतले आकडे असे बदलत नाहीत. त्याआधीच्या मुक्कामांचे फारसी आणि आर्मेनियन शब्दही या भाषेत आहेत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लिंगाचा पुरावा, आणि तो मराठी माणसाला चटकन उमगेल. आपण ‘ते पाणी’ म्हणतो. मराठी, कोकणी, गुजराती यांनी नपुंसकलिंग सांभाळलं; उत्तरेतल्या बहुतेक भाषांनी ते टाकलं. हिंदीत पानी पुल्लिंगी झालं आणि रोमानीतही पानी पुल्लिंगीच. संस्कृतात अग्नी पुल्लिंगी, पण आपण ‘ती आग’ म्हणतो, हिंदीतही आग स्त्रीलिंगी, रोमानीची ‘याग’ही तशीच. म्हणजे उत्तर भारतात हे बदल होत होते तेव्हा रोमांचे पूर्वज तिथेच होते. त्यामुळे अनेक अभ्यासक त्यांचं प्रस्थान इसवी सन १००० च्या आसपास मानतात.

आता एक शब्द, ज्याचं मला वाईट वाटतं. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘चॅव’ हा शब्द गाजला. गरीब वस्तीतल्या, भडक कपड्यांतल्या पोरांना हिणवायची ती शिवी होती. कुणी कुठल्या कुठल्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून तिचा अर्थ सांगू लागलं. पण तिचं मूळ बहुधा रोमानी ‘छावो’, म्हणजे मुलगा. आपल्या मराठीतला ‘छावा’ त्याचा सख्खा भाऊ: आपल्याकडे सिंहाचं पिल्लू, तिकडे माणसाचं लेकरू. तोच शब्द इंग्रजीत हेटाळणीचा झाला.

दरवर्षी जूनमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या ॲपलबी गावी रोमांची घोड्यांची मोठी जत्रा भरते. ईडन नदीत घोडे पोहणीला घालतात, काठावर पोरं दाटीवाटीनं उभी असतात. त्या पोरांना त्यांच्या घरची माणसं अजूनही मायेनं ‘चॅवी’च म्हणतात.