मातीच्या पापुद्र्यांत वाढलेले नायलॉन

विदर्भ-मराठवाड्यातले काळे रान उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळा लागला की फुगून त्याच भेगा बुजवते. हा खेळ स्मेक्टाइट गटातल्या चिकणखनिजांचा. याच गटातले मॉन्टमोरिलोनाइट हे फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावावरून नाव मिळालेले खनिज. त्याचे पापुद्रे चपात्यांच्या चळतीसारखे एकावर एक बसलेले असतात. एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग जाड. मधल्या फटींत सोडियमचे आयन (विद्युतभारित अणू) आणि पाणी.

या फटींत पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू जोडून झालेली लांब साखळी, तयार करून पाहण्याची कल्पना तशी जुनी. १९६० च्या दशकात ब्लूमस्टाइन यांनी मिथिल मेथाक्रिलेटचे रेणू फटींत शिरवून तिथेच त्यांची साखळी जोडली. असे बनलेले पॉलिमर उष्णतेत जास्त टिकते, असे त्यांना आढळले. पण त्यातून बाजारात जाईल अशी वस्तू काही निघाली नाही.

ती निघाली जपानात, १९८० च्या दशकात, टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेत. नायलॉन-६ मध्ये मातीची पूड नुसती कालवली, तर पापुद्रे एकमेकांना सोडत नाहीत. गुठळ्या राहतात आणि माल ठिसूळ होतो. उसुकी, ओकादा, कावासुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रमच उलटा केला. आधी फटींतल्या सोडियमच्या जागी १२ कार्बनचे एक अमिनो आम्ल बसवले. आखूड साखळीची आम्लेही तपासून झाली होती, पण त्यांनी फटी पुरेशा उघडत नव्हत्या. लांब आम्लाने पाण्याची ओढ असलेली माती सेंद्रिय द्रव शोषू लागली. मग नायलॉन-६ ज्यापासून बनते ते कॅप्रोलॅक्टम वितळलेल्या रूपात आत शिरले आणि पापुद्रे दूर सरकले. तापमान २५० अंशांच्या आसपास नेल्यावर त्या आम्लाच्याच टोकापासून नायलॉनची साखळी वाढू लागली आणि वाढता वाढता तिने चळत मोडून टाकली. पापुद्रे सुटे झाले, तेही नायलॉनच्या साखळीला बांधलेलेच. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते: माती फोडायचे काम पॉलिमरकडूनच करून घेतले.

वजनाने ४-५ टक्के माती, तेवढ्यावर ताठपणा जवळपास दुप्पट झाला आणि ताणबळ सुमारे दीडपट. भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १४० च्या पुढे गेले. काचतंतू घालून हा परिणाम साधायचा तर ते याच्या कितीतरी पट घालावे लागतात आणि सुटा भाग जड होतो. गाडीच्या इंजिनाशेजारी बसणाऱ्या टायमिंग बेल्टच्या कव्हरसाठी हे नायलॉन वापरात आले. त्यावेळी त्याला नॅनोकॉम्पोझिट (नॅनोमीटर मापाचे कण मिसळलेले संमिश्र) म्हणत नव्हते. संशोधकांच्या लेखांत ते ‘नायलॉन-६ चिकणमाती संकर’ असेच येते.

दरम्यान १९८७ मध्ये अमेरिकेत कानात्झिडिस आणि सहकाऱ्यांनी आयर्न ऑक्सिक्लोराइड या लोहाच्या संयुगाच्या थरांत पायरोल या सेंद्रिय रेणूपासून वीजवाहक पॉलिमर घडवले. तिथे यजमान थर नुसता जागा देत नाही, पायरोलची साखळी जोडायला लागणारे ऑक्सिडीकरणही तोच करतो. १९९३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जियानेलिस यांच्या गटाने आणखी सोपी वाट काढली: तयार पॉलिमर वितळवून थेट फटींत शिरवायचे. प्लास्टिकच्या कारखान्यांत एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर ढकलणारी यंत्रे) आधीच होते, त्यामुळे उद्योगाला ती जास्त रुचली. मात्र पॉलिप्रॉपिलीनसारख्या, मातीशी मुळातच न जमणाऱ्या प्लास्टिकला मॅलेइक ॲनहायड्राइड हे रसायन जोडलेला, दोघांना सांधणारा मध्यस्थ लागतो, आणि तरीही सगळे पापुद्रे सुटतातच असे नाही.