नाण्यावरची रेघ: उठलेली की खोदलेली?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोत, जुन्या नाण्यावर एक वाकडी रेघ दिसली की दोन पंथ तयार होतात. विकणारा म्हणतो, "डाय क्रॅक आहे, म्हणजे नाणं पाडणाऱ्या ठशालाच तडा गेला होता, दुर्मीळ आहे." घेणारा म्हणतो, "ओरखडा आहे, निम्म्यात द्या." बहुतेक वेळा दोघांनीही ती रेघ नीट पाहिलेली नसते. खरं तर विचारायचा प्रश्न एकच आहे: ही रेघ नाण्याच्या पृष्ठभागावर उठून आलेली आहे, की आत गेलेली आहे?

याचं कारण टांकसाळीत आहे. नाणं पाडताना कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते. ठशाला संग्राहक 'डाय'च म्हणतात. डायवर जे खोल असतं ते नाण्यावर वर येतं. पेढ्याच्या लाकडी छापाला चीर गेली तर प्रत्येक पेढ्यावर त्या जागी बारीक शिर उमटते, पेढ्याला भेग पडत नाही. तेच इथे घडतं. डायला तडा गेला की दाबाखाली चांदी किंवा तांबं त्या तड्यात शिरतं आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. ओरखडा मात्र नाणं तयार झाल्यावर, खिशातल्या किल्लीने किंवा डब्यातल्या दुसऱ्या नाण्याने पडतो, आणि तो आत जातो.

तत्त्व एवढं सोपं, पण डोळा इथेच फसतो. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असं गृहीत धरून चालतो, कारण सूर्य वर असतो. त्यामुळे फोटो काढताना दिवा नाण्याच्या खालच्या बाजूला असेल, तर उठलेली रेघ खोदल्यासारखी दिसते आणि खोदलेली उठल्यासारखी. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे धरले की खड्ड्यांच्या टेकड्या होतात, तोच हा प्रकार. फोटो पाहून "स्पष्ट दिसतंय की क्रॅक आहे" असं ठामपणे सांगणाऱ्याने तो फोटो आधी १८० अंशांत फिरवून पाहावा.

यावर खात्रीचा तोडगा नाण्यावरच छापलेला असतो: त्यावरची अक्षरं. नेहमीच्या नाण्यावर अक्षरं उठलेलीच असतात, त्याबद्दल वाद नाही. समजा, १८८१ चा लुईश राजाचा पोर्तुगीज रुपया हातात आहे आणि मागच्या बाजूला 'इंदिया पोर्तुगेझा' या अक्षरांमधून रेघ गेली आहे. खोलीतले बाकी दिवे बंद करा. एकच दिवा, मोबाईलचा टॉर्चही चालेल, टेबलाच्या जवळजवळ पातळीत, १० ते १५ अंशांच्या तिरप्या कोनात ठेवा. दहापट भिंगातून आधी अक्षराकडे पाहा: दिव्याकडची कड उजळ, पलीकडची सावलीत. आता शेजारच्या रेघेकडे पाहा. तिचीही दिव्याकडची कड उजळ असेल तर ती अक्षरासारखीच उठलेली आहे. क्रम उलटा असेल, म्हणजे दिव्याकडे सावली आणि पलीकडे उजेड, तर रेघ खोल आहे. दिवा कुठे होता हे माहीत नसलेल्या फोटोतही ही तुलना चालते. फक्त रेघ दिव्याच्या दिशेशी समांतर असेल तर दोन्ही कडा सारख्याच दिसतात. म्हणून नाणं कडेने धरून हळूहळू फिरवत राहायचं, खाली मऊ कापड अंथरून.

भिंग चांगलं दहापट पुरे. स्वस्त भिंगावर छापलेल्या '३०' या आकड्याला भुलू नये. बऱ्याचदा त्यातून कडा रंगीत दिसतात आणि निम्मं नाणं धूसर. यूएसबी सूक्ष्मदर्शक असेल तर आणखी एक उपाय: ४० पटींच्या पुढे आधी नाण्याची सपाट जागा स्पष्ट करा, मग भिंग नाण्यापासून किंचित वर उचला. त्यात रेघ स्पष्ट झाली तर ती उठलेली. नखाने किंवा टाचणीने चाचपून पाहणं मात्र नको. त्याने एका ओरखड्याचे दोन होतात.

ओरखड्याची एक खोड लक्षात ठेवावी. टोकदार वस्तू धातू कापून नेत नाही, बाजूला सारते. नांगराच्या तासासारखी मध्ये चर आणि दोन्ही कडांना बारीक वरंबे असतात. घाईत पाहणाऱ्याला ते वरंबे दिसतात आणि तो 'उठलेली रेघ' म्हणून मोकळा होतो. दोन कडा आणि मध्ये दरी असेल तर ओरखडा. एकच वरंबा आणि दरी नसेल तर तडा. शिवाय ओरखडा अक्षराच्या माथ्यावरून जातो, पण अक्षराच्या पायथ्याशी लगेच खाली उतरू शकत नाही. खाच उडी मारते आणि थोडं पुढे सपाट जागेवर पुन्हा सुरू होते. तड्याला अशी उडी लागत नाही. तो अक्षर, मोकळी जागा, मुकुट, कड, सगळ्यांतून सलग जातो, कारण तो डायच्या पोलादातच पडलेला असतो.

आता या विषयातला सर्वांत रंजक भाग: पोलादासारखं पोलाद तडकतं का? डाय कठीण हवी म्हणून पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझवतात. कठीण पोलाद ठिसूळही असतं. मग ते थोडं पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात. हे पुन्हा तापवणं जास्त झालं तर डाय दबते, कमी झालं तर तडकते. प्रत्येक ठोक्याला चकतीचा धातू बाहेरच्या बाजूला पसरतो आणि डायचा पृष्ठभाग आपल्यासोबत ओढतो. हा ताण अणकुचीदार कोपऱ्यांवर एकवटतो: अक्षरांची टोकं, आकड्यांचे कोन, कडेची दंतपंक्ती.

ताण किती एकवटतो याचं सूत्र चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये, जहाजांच्या पोलादी पत्र्यांच्या संदर्भात मांडलं. तड्याची लांबी भागिले त्याच्या टोकाची त्रिज्या, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट, अधिक एक. तडा ०.१ मिलिमीटर आणि टोकाची त्रिज्या ०.००१ मिलिमीटर असेल तर भागाकार १००, वर्गमूळ १०, दुप्पट २०, अधिक एक: टोकाशी ताण २१ पट. तडा चौपट वाढून ०.४ मिलिमीटर झाला की ४१ पट. पोलाद टोकाशी किंचित दबून हा ताण थोडा कमी करतं, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण दिशा स्पष्ट आहे: तडा जितका लांब, तितका त्याला पुढे जायला जोर. त्यात भर म्हणजे तड्यात शिरलेला धातू प्रत्येक ठोक्याला पाचरीसारखा भिंती फाकवतो.

म्हणून डायचा तडा अक्षराच्या कोपऱ्यातून किंवा कडेतून सुरू होतो, शेजारच्या अक्षराकडे वळतो, अडखळत, नागमोडी जातो. सपाट जागेच्या मधोमध, कशालाही न टेकता सुरू होऊन संपणारी सरळ रेघ दिसली की आधी संशय घ्यावा. शेवटी डायच्या कडेजवळचा तुकडाच निखळतो. तिथे नाण्यावर अक्षरं नाहीत, नुसता उठलेला गुळगुळीत गोळा येतो. त्याला संग्राहक 'कड' (इंग्रजी cud) म्हणतात, मराठी कडेशी त्याचा संबंध नाही. नेमक्या त्याच जागी नाण्याच्या दुसऱ्या बाजूची नक्षी फिकी असते, कारण धातू या पोकळीत निघून गेलेला असतो. मागे फिकेपणा नसलेला गोळा बहुधा नंतर चिकटवलेला किंवा ठोकलेला असतो.

प्रत्येक उठलेली रेघ मात्र तडा नसते. टांकसाळीत डाय पॉलिश करताना तिच्यावर चरे पडतात, तेही नाण्यावर उठतात. पण ते केसासारखे बारीक, सरळ आणि बहुधा समांतर असतात, आणि अक्षरांवर चढत नाहीत, कारण पॉलिश डायच्या सपाट भागालाच लागते. डाय गंजली तर नाण्यावर बारीक उंचवटे येतात. उलट, आत गेलेली रेघ दरवेळी ओरखडाच असते असंही नाही. चकतीतच पापुद्रा सुटला असेल तर रेघेची एक कड उचकटलेली दिसते. जुन्या काळी जड चकत्या कानशीने घासून वजनाला आणत. त्या समांतर खाचा ठोक्याखाली बऱ्याचशा मिटतात आणि चेहऱ्याच्या किंवा मुकुटाच्या उंच भागावरच उरतात, कारण तिथे दाब कमी पोचतो.

हीच नजर आपल्या चालू नाण्यांनाही लागते. नोएडाच्या टांकसाळीची खूण सालाखालचा ठिपका, मुंबईची हिरा, हैदराबादची चांदणी, आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नाही. आता कोलकात्याच्या डायचा सालाखाली टवका उडाला तर नाण्यावर ठिपका उमटणारच. खरी खूण गोल असते, तिची उंची आणि जागा त्या सालाच्या इतर नाण्यांशी जुळते. टवक्याचा ठिपका वेडावाकडा असतो आणि जवळच्या आकड्याला चिकटलेला सापडू शकतो.

गोव्याच्या हवेत आणखी एक अडचण आहे. जुन्या घरांतल्या पेटीत १९४७ आणि १९५२ चे तांबूस टांगे सापडतात (घोड्याचा नव्हे, सोळा टांग्यांचा एक रुपया व्हायचा). त्यांच्यावर दमट, खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढलेला असतो. कुणीतरी चिंच किंवा सोलं लावून, राखेने घासून ते लखलखीत करतं. आम्लाने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राखेने शेकडो समांतर ओरखडे पडतात, मग त्या जंगलात खरा तडा शोधणं कठीण. रेघेत मळ किंवा लाख बसल्याची शंका असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर, काही मिनिटं बुडवावं आणि न घासता वाळू द्यावं. ते धातूला हात लावत नाही. नेलपॉलिश काढण्याच्या बाटलीत तेल आणि सुगंध असतात, ती नको.

किमतीबद्दल थोडं कटू. बारीक तड्याने नाण्याची किंमत फारशी वाढत नाही. मोठा गोळा असेल तर संग्राहक जरा जास्त देतात. 'या नाण्याचे लाखो मिळतील' म्हणणारे व्हिडिओ आधी नोंदणीचे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. राम दरबाराची छबी आणि १८१८ साल असलेली 'कंपनीची' नाणी, तांदूळ ओढणारं तांबं, हा त्याच दुकानाचा दुसरा गाळा. ईस्ट इंडिया कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत, आणि तांब्याकडे तांदूळ ओढला जात नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा दुसऱ्या नाण्यावर असतो. डायचा तडा त्या डायने पुढे पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतो, फक्त कुठे आखूड, कुठे लांब. त्याच प्रकारची नाणी शेजारी ठेवून तड्याच्या लांबीनुसार लावली की कुठलं आधी पडलं, कुठलं नंतर, हेही कळतं. ओरखडा मात्र एकाच नाण्याचा असतो. दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराची खोल खाच दिसली तर आनंदून जाऊ नये: कुणीतरी ओरखडलेल्या मूळ नाण्यावरून साचा काढला आहे, आणि ओरखड्यासकट नकला पाडल्या आहेत.