पाकाची जागा खजुराने घेतली: कोल्हापूरच्या फराळातल्या सुकामेव्याच्या वडीची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत सुकामेव्याच्या दुकानापुढे उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "वडीला लागतंय ते सगळं द्या." कसली वडी, हे दुकानदार विचारत नाही. बिनबियांचा खजूर, काजू पाकळी, बदाम, मगज, खसखस असं एकेक तो तोलायला घेतो. भट्टी नको, पाक नको, तळण नको अशी ही खजुराची वडी, काही घरांत तिला रोल म्हणतात, आता चकली-चिवड्याच्या ताटात मानानं बसते. माझ्या लहानपणी ती या ताटात नव्हती. तिच्यातला एकही जिन्नस मात्र कोल्हापूरला नवा नाही. म्हणून ही "बाहेरून आलेली फॅशन" आहे असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

सुकामेवा आपल्याकडे आधी तीन ठिकाणी होता: देवापुढे, बाळंतिणीच्या खोलीत आणि तालमीत.

देवापुढची खिरापत सगळ्यांच्या ओळखीची. गणपतीत आरती झाली की हातावर पडणारं हे पंचखाद्य, म्हणजे ख अक्षराचे पाच जिन्नस: खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. कुणाकडे खिसमिसऐवजी खजूर असतो. खोबऱ्याचा कीस आणि खसखस जरा कढईत फिरवायची, बाकी सगळं कुटून एकत्र करायचं, की झालं. रामनवमीचा सुंठवडाही त्याच जातीचा. दोन्ही पदार्थ जवळजवळ विस्तवाविना होतात, पण दोन्ही कोरडे आणि सुटे. तळहातावर घेऊन तोंडात टाकायचे. त्यांना बांधून ठेवणारं आत काही नसतं, म्हणून त्यांची वडी होत नाही.

तालमीतला बदाम वेगळा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं तेव्हा या शहरात कुस्ती आधीच मुरलेली होती, आणि कुस्तीबरोबर खुराक. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलायचे, खसखस आणि मिरीबरोबर कुंडीत घोटायचे, आणि दुधात मिसळून थंडाई करायची. घोटणारा बहुधा तालमीतला धाकटा पोरगा. कुंडीवर वाकून तो गोल गोल सोटा फिरवत असतो आणि बदामाचं दूध हळूहळू घट्ट होत जातं. कोल्हापूरच्या कितीतरी घरांनी बदाम पहिल्यांदा पाहिला तो गोडाचा जिन्नस म्हणून नाही, ताकदीचा म्हणून. आजही वडी हातात देताना आजी म्हणते, "खा, अंगाला लागतं." हे बोल तालमीतूनच आलेत असं मला वाटतं.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात मात्र सगळं एकत्र येत होतं: खारकेची पूड, खोबरं, बदाम, तुपात फुलवलेला डिंक. तिथं बांधायचं काम होतं गुळाकडे.

गूळ म्हणजे तर इथलंच सोनं. १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काहिलीत रस उकळताना मळी वर यावी म्हणून भेंडीचा रस घालायचा, आणि तयार गुळाच्या ढेपेला रवा म्हणायचं, हे शब्द गुऱ्हाळावर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. जुना रवा ३० किलोचा असे. आता १० किलोपासून एक किलोपर्यंतचे रवे निघतात, कारण ३० किलो गूळ ठेवणारं घरच उरलेलं नाही.

पण गुळाला पाक लागतो, आणि पाकाला हात लागतो. गुळातली मुख्य साखर उसाचीच. ती वितळवून नेमकी आटवली तर थंड होताना घट्ट बसते. जरा आधी उतरवली तर लाडू ढासळतो, जरा उशीर झाला तर दगड होतो. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का पाहायचं, एवढंच मोजमाप. माझ्या आईसारख्या सुगरणीचे डिंकाचे लाडू एका हिवाळ्यात इतके कडक झाले की वडील ते बत्त्यानं फोडून आम्हाला वाटत होते. नव्या सुनांना पाकाची भीती वाटायची ती उगीच नव्हे. बिनपाकाच्या वडीकडे बायका का वळल्या, याचं पहिलं कारण मी या भीतीत शोधते.

खजुराला हा पाक लागत नाही. मऊ पिकलेल्या खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात, सोबत थोडं पाणी आणि चिकट तंतू. या साखरा उसाच्या साखरेसारख्या पटकन दाणेदार होत नाहीत. म्हणजे झाडावरच पाक तयार झालेला असतो. हातानं मळला की तो काजू-बदामाचे तुकडे धरून ठेवतो आणि महिनाभरानंतरही दातांना मऊ लागतो.

मग हे आधी का सुचलं नाही? कारण आपल्या घरात वर्षानुवर्षं येत होती ती खारीक. खारीक म्हणजे उन्हात वाळलेला साधा खजूर नाही. ओमानात मबसली जातीचं फळ पुरतं मऊ व्हायच्या आत उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि मग वाळवतात. त्याचा मोठा गिऱ्हाईक पूर्वीपासून हिंदुस्थान. अडकित्त्यानं फोडावी लागणारी ही खारीक टिकते, प्रवासात बिघडत नाही, घाट चढून येते, पण चिकटत नाही. मऊ खजूर बसऱ्याकडून पडावांनी पश्चिम किनाऱ्यावर यायचा. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईचा माल इथवर येणं सोपं झालं. तरी तो खजूर दाबून एकजीव झालेला, बियांसकट. तो धुवायचा, निवडायचा, एकेक बी काढायची. उपवासाला चार खाण्यापुरतं हे ठीक, किलोभर वडीसाठी कोण बसणार? रमजानात बागवान गल्लीत आणि मोहल्ल्यांत त्याची खरी उलाढाल व्हायची, आणि शेजारच्या घरून आलेल्या इफ्तारीच्या ताटातला मऊ काळा खजूर हीच आमच्यासारख्या कित्येकांची त्याच्याशी पहिली ओळख.

बिनबियांचा, स्वच्छ, पाकिटातला खजूर दुकानात बारमाही मिळू लागला आणि चित्र पालटलं. घरात फ्रीज आला होताच.

भट्टीचंही सांगायला हवं. आपल्या घरात ओव्हन कधीच नव्हता. दिवाळीत नानकटाई करायची तर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन पेठेतली बेकरी गाठायची, नंबर लावायचा, आणि रात्री उशिरा पत्र्यावर भाजून निघालेली नानकटाई डब्यात भरून घरी आणायची. तो वास अजून आठवतो. पण पाळीत ताटकळणंही आठवतं. खजुराच्या वडीला कुणाची पाळी लावावी लागत नाही.

बाकीचे जिन्नस जवळचेच. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलं. आज चंदगड आणि आजऱ्याच्या तांबड्या मातीत ते इतकं रुजलंय की परकं वाटत नाही. काजूच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं, म्हणून बी आधी बॉयलरमध्ये वाफवतात आणि मग फोडतात. म्हणजे ज्याला आपण "कच्चा" काजू म्हणतो त्याला उष्णता लागूनच गेलेली असते. अख्खा काजू महाग. वडीला पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चवीत काडीचा फरक नाही. बेदाणा शेजारच्या तासगावचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो होतो, आणि शेडमधल्या जाळ्यांवर वाळायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ही वडी "शुगर फ्री" म्हणून विकली जाते, मधुमेहाच्या माणसाला आग्रहानं वाढली जाते. हे चूक आहे. शंभर ग्रॅम खजुरात ६० ते ७० ग्रॅम साखरच असते. वरून घातलेली नाही, एवढंच. तंतू आणि मेव्यातली चरबी यांची सोबत आहे, म्हणून छोटा तुकडा पुरतो. पण साखर ती साखरच. ज्यांच्या घरात इन्सुलिन आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

करायची रीत थोडक्यात. काजू, बदाम मंद आचेवर जरा परतले तर ओल जाते आणि मेवा खवट व्हायला वेळ लागतो. तेवढा विस्तव मी वापरते, कारण आपल्याकडे दिवाळी कधी कधी परतीच्या पावसात सापडते. खजूर मिक्सरमध्ये घालू नये, पात्याला गुंडाळतो. तुपाचा हात लावून परातीत मळावा. लांब वळकटी करून खसखशीत लोळवायची आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची. कापताना सुरीला चिकटते, म्हणून आई दोरा वापरते. वळकटीखालून शिवणाचा दोरा घ्यायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओढायची, की पैशाएवढ्या गोल चकत्या सुटतात आणि आतला बदाम अर्धा चिरलेला दिसतो.

नवा गूळ बाजारात येतो तोवर फराळ झालेला असतो, कारण मार्केट यार्डात हंगामाचे सौदे निघतात ते पाडव्याच्या मुहूर्तावर. त्यामुळे आमच्याकडे वडीचा दुसरा घाणा पाडव्यानंतर होतो. आई खजुरात मूठभर नवा गूळ किसून घालते. बांधायला त्याची गरज नसते. तो डबा भाऊबीजेला मामाकडे जातो.