मावशीचा हिरवा पडलेला फिरोजा

मावशीकडे लेहच्या बाजारातून घेतलेली चांदीची अंगठी आहे, पंचवीसेक वर्षं तरी झाली असतील. घेतली तेव्हा खडा अगदी आकाशी होता असं ती शपथेवर सांगते, आणि आता बघाल तर कैरीच्या सालीसारखा हिरवट, तोही सगळीकडे सारखा नाही, कडेला गडद आणि मधे थोडा निळा उरलाय. तिचं म्हणणं, काकांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी रंग बदलला, खड्याने सगळं स्वतःवर घेतलं. मी गप्प बसले, कारण मावशी अंगठी न काढता कणीक मळते आणि त्याच हाताने डोक्याला खोबरेल तेल चोळते.

पण ही समजूत एकट्या मावशीची नाही हां. युरोपातला पवित्र रोमन सम्राट रूडॉल्फ दुसरा याचा वैद्य आन्सेल्मुस डी बूट, याचं रत्नांवरचं पुस्तक 1609 चं, त्यात तो स्वतःचीच गोष्ट सांगतो: घोड्यासकट उंचावरून पडलो, दोघांनाही काही झालं नाही, सकाळी हात धुताना बघतो तर अंगठीतला फिरोजा दुभंगलेला! इराणात निशापूरच्या फिरोजाच्या खाणी शेकडो वर्षं गाजलेल्या, आणि त्याच्या फारसी नावाच्या मुळाशीच विजय हा अर्थ. युरोपात हा माल तुर्कस्तानमार्गे पोचला म्हणून फ्रेंचांनी त्याला सरळ ‘तुर्की’ दगड म्हणून टाकलं.

आता खडा खरंच बदलतो का? बदलतो, लोकांनी बघितलं ते बरोबरच होतं, कारण चुकीचं लावलं इतकंच. फिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं फॉस्फेट, आणि त्यात पाणीही बांधलेलं असतं. निळा रंग तांब्यामुळे, अ‍ॅल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं की हिरवटपणा येतो, म्हणून काही खडे खाणीतूनच हिरवे निघतात. पण मावशीच्या खड्याचं तसं नाही. हा हिऱ्यासारखा एकसंध स्फटिक नाही, अतिशय बारीक कणांचा गठ्ठा आहे आणि कणांमधे फटी. फटींत हवा असते तोवर प्रकाश विखुरतो आणि रंग फिका, मऊ दिसतो. त्यात तेल, घाम, सेंट, साबण मुरला की विखुरणं कमी होतं आणि रंग गडद होतो, सुती कापड ओलं झाल्यावर गडद दिसतं ना, तसंच, फक्त हे कापड वाळत नाही. वर ते तेल जुनं होऊन पिवळट पडतं. निळ्यात पिवळं मिसळलं की काय होतं ते शाळेत रंगपेटीवर आपण सगळ्यांनी करून बघितलंय.

आजारी माणसाला घाम येतो, अंगाला तेलं-मलमं लागतात, आणि मेल्यावर अंगठी पेटीत जाऊन कोरडी पडते. यातूनच ‘मालकाबरोबर खडा मरतो’ ही जुनी समजूत आली असावी, असा आपला माझा अंदाज.

म्हणून जुन्या दागिन्यांत एकाच हारातले मणी वेगवेगळ्या छटांचे दिसतात, आणि मला तेच आवडतं. राणी व्हिक्टोरियाने 1840 मध्ये लग्नातल्या करवल्यांना फिरोजा जडवलेले गरुडाचे ब्रोच दिले होते. लडाखी बायकांचा पेराक तर बघावाच, कपाळापासून पाठीपर्यंत उतरणारा चामड्याचा पट्टा आणि त्यावर रांगेने फिरोजे, आईकडून थोरल्या मुलीकडे जाणारा. जवळून बघितलं तर निळे, हिरवे, काळ्या रेषांचे, सगळे शेजारी शेजारी. त्या रेषा म्हणजे ज्या खडकात फिरोजा तयार झाला त्याचाच उरलेला भाग.

हल्ली रेझिन भरून पक्के केलेले खडे खूप मिळतात, ते सहसा असे हिरवे पडत नाहीत. आणि हाउलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवून सर्रास फिरोजा म्हणून खपवतात, त्यालाही करड्या रेषा असतात त्यामुळे फसायला होतं. मण्याच्या भोकात डोकावून बघा, आत पांढरं दिसलं तर शंका घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला की रंगही उतरतो, पण खऱ्या जुन्या खड्यावर हा प्रयोग नको, त्याचं पॉलिश जाईल.

मावशीला मी एवढंच सांगितलं की तेल लावताना अंगठी काढत जा. आता ती काढते, आणि गॅसच्या शेगडीशेजारी ठेवते. उष्णतेने त्यातलं पाणी उडून खडा कायमचा निस्तेज होऊ शकतो हे अजून सांगायचंय.