उदरभित्तिसीवन

उदरभित्तिसीवन : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर छेद थराथराने शिवून बंद करण्याची क्रिया, बोलीत 'पोटाचे टाके'. येथे फक्त मध्यरेषेतील छेदाचा विचार केला आहे. त्यात सगळा भार श्वेतरेषा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पोटस्नायूंना जोडणारी तंतुमय पट्टी, पेलते. वरचे कातडीचे टाके तो पेलत नाहीत.

सुश्रुतसंहितेत, चिकित्सास्थानातील उदररोगाच्या अध्यायात, बेंबीखाली डावीकडे छेद घ्यावा, चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे, छिद्राला काळ्या मुंग्यांकडून चावे घेववून त्यांची डोकी तशीच ठेवावीत व मग पोट बाहेरून शिवावे, असे वर्णन आहे. संहितेचा काळ ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापासून ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. उपलब्ध पाठ एका काळी, एका हातून सिद्ध झालेला नसावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंग्या आतड्यासाठी आहेत, पोटाच्या भिंतीसाठी नव्हेत. लोकप्रिय लेखनात हा भेद बहुधा सुटतो.

आधुनिक पद्धतीचा पाया जेन्किन्स या ब्रिटिश शल्यविशारदांच्या १९७६ च्या लेखात आहे. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगले की जखमेची लांबी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. दोरा अपुरा असेल तर तो ऊतीतून कापत बाहेर येतो. म्हणून वापरलेला दोरा जखमेच्या किमान चौपट असावा. हे मोजणे सोपे आहे. जखम २० सेंमी, ७५ सेंमीचे दोन दोरे, उरलेले सर्व तुकडे मिळून ६२ सेंमी. म्हणजे वापरला ८८ सेंमी, प्रमाण ४.४. हा आकडा शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलाच पाहिजे.

चौपट दोरा मोठ्या, विरळ टाक्यांनीही भरतो. पण त्यात स्नायू व चरबी आवळली जाऊन रक्तपुरवठा तुटतो, जंतुसंसर्ग वाढतो आणि टाका सैल पडतो. कडेपासून ५ ते ८ मिमीवर, फक्त श्वेतरेषेत, दर ५ मिमीला एक टाका घेतल्यास २० सेंमीला सुमारे ४० टाके लागतात. दोरा सावकाश विरघळणारा, शिवण सलग. कडा भिडेपर्यंतच ओढायचे, आवळायचे नाही. नेदरलँड्समधील ५६० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) वर्षभरात छेदाच्या जागी हर्निया (पोटातला भाग भिंतीतून बाहेर फुगणे) मोठ्या टाक्यांत २१, तर लहान टाक्यांत १३ टक्के रुग्णांना झाला. शिवण्याला मात्र सुमारे १० ऐवजी १४ मिनिटे लागली. ही चार मिनिटे द्यावीतच. चाचणी नियोजित शस्त्रक्रियांची होती. सुरगाणा-पेठ या दुर्गम तालुक्यांकडून आतडे फुटून उशिरा नाशिकला पोचणाऱ्या रुग्णाला तिचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

हाताच्या कौशल्याचा पुरावा वेगळ्या शस्त्रक्रियेतून मिळतो. मिशिगनमधील २० शल्यविशारदांच्या दुर्बिणीतून केलेल्या जठर-बायपासच्या (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या) चित्रफितींना समव्यवसायिकांनी गुण दिले (२०१३). तळच्या गटात गुंतागुंत १४.५, वरच्या गटात ५.२ टक्के आढळली. नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) शल्यचिकित्सा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोऱ्याचे प्रमाण नोंदवहीत लिहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात पट्टी गुलाबी पाण्याने भिजली तर आतली शिवण सुटत असण्याची शक्यता धरावी. आतडे बाहेर आल्यास आत ढकलू नये. सलाइनने भिजवलेल्या निर्जंतुक कापडाने झाकून रुग्णाला शस्त्रक्रियागृहात न्यावे.

वजन उचलण्याविषयीचा पुरावा तोकडा आहे. मोठ्या छेदानंतर साधारण सहा आठवडे जड काम वर्ज्य सांगतात. टोमॅटोचे २० किलोचे क्रेट किंवा कांद्याची ५० किलोची गोणी त्यात नक्कीच येते. जोराच्या खोकल्याने पोटातला दाब माफक वजन उचलण्यापेक्षाही जास्त चढतो, म्हणून खोकताना जखमेवर उशी दाबून धरावी आणि विडी-तंबाखू शस्त्रक्रियेआधीच थांबवावी. हर्निया बहुधा महिन्यांनंतर दिसतो. वर्षाने रुग्णाला उभे करून, खोकायला सांगून तपासावे.