पांढऱ्या पेशी वाढल्या, पण कुठल्या?

आमच्या पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता, अमुक काढा आठ दिवस घ्या, पांढऱ्या पेशी डबल! मी एवढंच विचारलं, कुठल्या पांढऱ्या पेशी भावा? सगळे गप्प. त्यांच्यात काय एकच जात असते व्हय, आणि खरंच डबल झाल्या तर बहुतेक वेळा अंगात इन्फेक्शन आहे असं समजावं, ताकद आली असं नव्हे.

टी सेल आणि बी सेल या पांढऱ्या पेशींतल्याच दोन जाती, पण मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर सारख्याच दिसतात. जोतिबाची चैत्र यात्रा करून उतरणारी माणसं बघा, गुलालानं सगळी गुलाबी, त्यातला आपल्या गावचा कोण आणि सोलापूरकडचा कोण ते सांगा बघू. पण पेशीच्या अंगावरची प्रोटीन्स वेगळी असतात, हेल्पर टी सेलवर सीडी४, किलरवर सीडी८, बी सेलवर सीडी१९. अँटिबॉडी म्हणजे अंगात परकं काही शिरलं की त्याला चिकटायला बी सेल सोडतात ते प्रोटीन. नेमक्या त्याच खुणेच्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग लावायचा, झालं काम.

आता अशी एकाच साच्यातली अँटिबॉडी हवी तेवढी आणायची कुठनं? ही युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी काढली (१९८४ ला नोबेल), आणि मला तर त्यातली गाळणीच लई आवडते. अँटिबॉडी बनवणारी बी सेल प्राण्याच्या अंगातनं बाहेर काढली की थोड्या दिवसांत मरते, कॅन्सरची मायलोमा सेल मरतच नाही, म्हणून दोघींना चिकटवून एक करायचं. पण लाखो पेशींत नीट चिकटलेल्या थोड्याच, त्या निवडायच्या कशा? डीएनएचा माल बनवायचे पेशीकडे दोन रस्ते, एक नव्यानं बनवायचा, दुसरा जुन्या तुकड्यांतून जमवायचा. अमिनोप्टेरिन हे औषध टाकलं की पहिला बंद. मायलोमा मुद्दाम अशी घेतलेली असते की तिच्याकडे दुसऱ्या रस्त्याचं एचजीपीआरटी हे एन्झाइमच नाही, म्हणजे ती मेली. बी सेलकडे एन्झाइम आहे पण आयुष्यच नाही, तीही गेली. उरली फक्त जोडपेशी, एकीकडनं एन्झाइम, दुसरीकडनं न मरण्याची खोड. नाद खुळा! मग एकेक पेशी वेगळ्या खड्ड्यात वाढवायची, तिची सगळी पिल्लं एकच अँटिबॉडी सोडतात, म्हणून मोनोक्लोनल.

प्रयोगातल्या उंदराच्या (माऊसच्या) पेशी रंगवायच्या तर आणखी एक अडचण. माऊसला स्वतःचं सीडी४ घरचंच वाटतं, त्याविरुद्ध तो सहसा अँटिबॉडी बनवत नाही. मग माऊसच्या पेशी टोचायच्या त्याच्या मोठ्या भावाला, रॅटला, आणि रॅटच्या प्लीहेतल्या बी सेल वापरायच्या. जीके१.५ ही सीडी४ ओळखणारी प्रसिद्ध अँटिबॉडी अशीच रॅटची.

पुढं रंगवलेल्या पेशी फ्लो सायटोमीटरमधनं सोडतात, किणी टोलनाक्यावरच्या गाड्यांसारख्या एकामागनं एक, फक्त इथं सेकंदाला हजारो, आणि लेझर प्रत्येकीचा रंग वाचतो. यात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, लबाडी करतात, कुठल्याही अँटिबॉडीची शेपटी धरून बसतात आणि उगीच चमकतात, म्हणून त्यांची ती पकड आधी दुसऱ्या अँटिबॉडीनं बंद करून ठेवावी लागते.

हीच जीके१.५ जिवंत उंदराला टोचली तर त्याच्या सीडी४ पेशी काही काळ जवळजवळ नाहीशाच होतात, मग कुठल्या इन्फेक्शनपुढं तो हात टेकतो ते बघायचं. काढ्यावाल्यांनी निदान एवढं तरी करून दाखवावं की, नुसतं डबल डबल काय.